काँग्रेसनं चीनला पाठवलेला सोलापूरचा डॉक्टर माओच्या सैन्यात कसा पोहोचला?

मे २०१३. चीनचे पंतप्रधान ली केकियांग भारत दौऱ्यावर आले होते. लडाखमध्ये दोन्ही देशांचे सैनिक नुकतेच समोरासमोर उभे ठाकून मागे फिरले होते, त्यामुळं दिल्लीतलं वातावरण काही फार गोड नव्हतं. दिल्लीतली कामं उरकून ली मुंबईत आले आणि तिथं त्यांनी वेळ काढला तो नव्वदी ओलांडलेल्या एका मराठी आजींना भेटायला.

या आजींचं नाव मनोरमा कोटणीस.

ही काही पहिली वेळ नव्हती. २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ मुंबईत आले तेव्हा तेही कोटणीस कुटुंबाला भेटले होते. २०१४ मध्ये शी जिनपिंग दिल्लीत आले, त्यांनीही मनोरमाबाईंची भेट घेतली. चीनचा मोठा नेता भारतात आला की कोटणीसांच्या घरच्यांना आमंत्रण जाणार, हे जणू ठरूनच गेलं होतं.

कारण होतं मनोरमाबाईंचा भाऊ. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. मुक्काम पोस्ट सोलापूर.

कोटणीसांचं नाव शाळेच्या धड्यात, नाहीतर व्ही. शांतारामांच्या सिनेमामुळं बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा केली, तिथंच वारले. बस्स, गोष्ट इथं संपते. पण ते नेमके कोणत्या सैन्याबरोबर होते, त्या सैन्याचं स्वतःच्याच देशाच्या सरकारशी काय वाकडं होतं आणि बाकीचे चार डॉक्टर परत आले तरी हा एकटा तिथं का थांबला, हे सांगायचं राहून जातं. खरी गोष्ट तर तिथंच आहे.

द्वारकानाथचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. तेव्हाचं सोलापूर म्हणजे कापड गिरण्यांचं गाव. पहाटेच्या भोंग्यावर उठणारं आणि राजकारणात आघाडीवर असणारं. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर हे शहर असं पेटलं, की इंग्रजांना इथं मार्शल लॉ लावावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. सोलापूरकर आजही त्यांना चार हुतात्मे म्हणूनच ओळखतात. द्वारकानाथ तेव्हा वीस वर्षांचा होता. ज्या पोराचं गाव असं होतं, त्याला राजकारण वेगळं शिकवावं लागलं नसणार.

पुढं तो मुंबईला आला. परळचं जी. एस. मेडिकल कॉलेज, म्हणजे आपलं केईएम. १९३६ मध्ये एमबीबीएस झाला आणि पुढच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीला लागला. सगळं सुरळीत चाललं असतं तर सोलापुरात नाहीतर मुंबईत डॉ. कोटणीस यांचा दवाखाना अशी पाटी लागली असती.

पण १९३८ साल उजाडलं.

आता थोडं चीनमध्ये जाऊ, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही

१९१२ मध्ये चीनची बादशाही संपली. राजा गेला, पण त्याच्या जागी धड कुणीच आलं नाही. प्रांताप्रांतात सरदार आपापली फौज घेऊन बसले. देश एकत्र आणायचा म्हणून सन यत्-सेन यांचा कुओमिन्तांग पक्ष उभा राहिला. १९२१ मध्ये शांघायमध्ये कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला. सुरुवातीला हे दोघं मित्र होते. सरदारांना हरवायचं, एवढ्यावर त्यांचं एकमत होतं.

सन यत्-सेन १९२५ मध्ये गेले आणि पक्षाची सूत्रं चियांग काय-शेक या लष्करी माणसाच्या हातात आली. एप्रिल १९२७ मध्ये चियांगनं शांघायमध्ये आपल्याच मित्रपक्षाच्या माणसांची कत्तल सुरू केली. कम्युनिस्ट आणि कामगार संघटनांचे कार्यकर्ते वेचून वेचून मारले. त्याच वर्षी १ ऑगस्टला नानचांगमध्ये कम्युनिस्टांनी बंड केलं. चीनचं यादवी युद्ध सुरू झालं ते इथून.

पुढची सात वर्षं कम्युनिस्टांनी दक्षिणेच्या डोंगरांत तळ टाकला आणि चियांगच्या फौजा त्यांना घेरत राहिल्या. शेवटी १९३४ च्या ऑक्टोबरमध्ये लाल सैन्यानं वेढा फोडला आणि ते चालत निघालं. हाच तो प्रसिद्ध लाँग मार्च. निघताना ऐंशी हजारांहून जास्त लोक होते. वर्षभर डोंगर, नद्या, दलदल तुडवत वायव्येच्या शेन्सी प्रांतात पोहोचेपर्यंत त्यातले जेमतेम आठ-दहा हजार उरले. याच वाटेवर माओ त्से-तुंग पक्षाचा नेता म्हणून वर आला.

इकडं भाऊ-भाऊ भांडत होते, तिकडं जपाननं १९३१ मध्ये मांचुरिया गिळला. पण चियांगचं म्हणणं असं, की आधी घरातले कम्युनिस्ट निपटू, मग जपानकडं बघू. लोक वैतागले. त्याच्याच सैन्यातले लोक वैतागले. डिसेंबर १९३६ मध्ये चांग श्युए-लियांग या त्याच्याच सेनापतीनं त्याला शीआनमध्ये चक्क कैद केलं आणि अट घातली, की कम्युनिस्टांशी लढणं थांबव आणि जपानशी लढ. देशाच्या सर्वोच्च नेत्याला त्याच्याच माणसानं कोंडून ठेवायचं आणि तेही शत्रूशी लढ म्हणून, असा प्रकार इतिहासात फार वेळा घडलेला नाही.

चियांगनं मान डोलावली. ७ जुलै १९३७ ला बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि जपाननं उघड युद्ध सुरू केलं. तेव्हा लाल सैन्य कागदोपत्री सरकारी फौजेत सामील झालं. त्याचं नवं नाव ठेवलं, आठवी रूट आर्मी. सेनापती चू तेह. टोपीवरचा लाल तारा गेला, त्या जागी सरकारी चिन्ह आलं.

म्हणजे यादवी संपली का? तर नाही. तिला नुसती स्थगिती मिळाली होती. कोटणीस चीनमध्ये उतरले ते या स्थगितीच्या काळात.

चू तेहचं पत्र आणि बोसांचं आवाहन

आठव्या रूट आर्मीकडं माणसं होती, जिद्द होती, पण डॉक्टर नव्हते. शिकलेले सर्जन तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. साध्या जखमा चिघळून माणसं मरत होती. १९३७ च्या अखेरीस चू तेहनं जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली.

नेहरूंना चीनबद्दल आधीपासून आस्था होती. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी ३० जूनला जाहीर आवाहन केलं. ७ ते ९ जुलै देशभर चीन दिन पाळले गेले, बिल्ले विकले, वर्गणी गोळा केली. त्यातून २२ हजार रुपये जमले. स्वतः पारतंत्र्यात असलेला देश दुसऱ्या देशासाठी झोळी फिरवत होता. ही गोष्ट दिसते तेवढी साधी नव्हती. आम्ही ब्रिटिशांची वसाहत असलो तरी आमचं परराष्ट्र धोरण आमचं आम्ही ठरवू, असं काँग्रेस त्यातून जगाला सांगत होती.

वैद्यकीय पथकासाठी पाच डॉक्टर निवडले गेले. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदन अटल. ते नुकतेच स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. कलकत्त्याचे देबेश मुखर्जी आणि बिजॉय बसू. नागपूरचे ज्येष्ठ डॉक्टर चोळकर. आणि पाचवे कोटणीस. म्हणजे पाचातले दोन आपल्याकडचे. कोटणीसांनी पदव्युत्तर शिक्षणाचा विचार बाजूला ठेवला. वय २७. जे शिकले होते ते सगळं इस्पितळातलं, युद्धाचा अनुभव शून्य.

१ सप्टेंबर १९३८ ला मुंबई बंदरातून 'राजपुताना' जहाज सुटलं.

शहरं पडत होती आणि हे पुढं सरकत होते

सप्टेंबरच्या मध्याला पथक ग्वांगझूला, म्हणजे तेव्हाच्या कँटनला पोहोचलं. स्वागताला सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग आल्या होत्या. तिथून हांकाऊ. तिथं रेड क्रॉसच्या कामात ते लागले. पण महिनाभरातच, २१ ऑक्टोबरला ग्वांगझू पडलं आणि चारच दिवसांनी हांकाऊ. जिथून आले ते शहरही जपानकडं आणि जिथं काम करत होते तेही. पथक यांगत्से नदीच्या वरच्या अंगाला यिचांगला आणि मग चुंगकिंगला सरकलं. चियांगची राजधानी आता चुंगकिंगमध्ये होती.

इथंच पाचही जणांना चिनी नावं मिळाली. शांतिनिकेतनच्या चीना भवनचे प्राध्यापक तान युन-शान तेव्हा तिथं होते. त्यांनी प्रत्येकाच्या नावाशेवटी 'हुआ' लावलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दिहुआ'. चीनमध्ये आजही त्यांना याच नावानं ओळखतात. तिथं कुणाला डॉ. कोटणीस म्हणून विचारलं तर कदाचित डोकं खाजवतील, पण के दिहुआ म्हटलं की लगेच ट्यूब पेटेल.

चुंगकिंगमध्ये असतानाच सोलापूरहून बातमी आली. वडील गेले.

सहकाऱ्यांनी सांगितलं, तू घरी जा. कोणीही हेच सांगितलं असतं. कर्ता पुरुष गेलेला, घरी आई आणि भावंडं. कोटणीस गेले नाहीत. हातातलं काम अजून सुरूही झालेलं नाही, असं त्यांना वाटत होतं. या निर्णयाबद्दल आज आपण काहीही बोलू शकतो. देशासाठी घर सोडणारे आपल्याकडं कमी नव्हते. पण हा देशही त्यांचा नव्हता. सोलापुरातल्या त्या घराला या निर्णयाची किती किंमत मोजावी लागली असेल, हे चरित्रांमध्ये फारसं येत नाही.

खरं तर चुंगकिंगमध्येच थांबायला काही हरकत नव्हती. तेही चीनच होतं, तिथंही जखमी होते. सरकारी अधिकाऱ्यांनाही तेच हवं होतं. परदेशी डॉक्टर कम्युनिस्टांच्या तळावर जाणं त्यांना रुचणारं नव्हतं. वरवर युती असली तरी आतून दोघं एकमेकांना पाण्यात पाहत होते. पण ज्या सैन्यानं मदत मागितली त्याच्याकडं जायचं, यावर पथक ठाम राहिलं. जानेवारी १९३९ मध्ये ते निघाले आणि १२ फेब्रुवारीला येनानला पोहोचले.

मातीच्या गुहांची राजधानी

येनान म्हणजे कम्युनिस्टांची राजधानी. राजधानी म्हणायची एवढंच. पिवळ्या मातीचे डोंगर आणि त्यात खोदलेल्या गुहा. जपानी विमानांनी गावावर बॉम्ब टाकल्यावर इस्पितळ, शाळा, कचेऱ्या सगळं गुहांमध्ये गेलं होतं. माओसुद्धा गुहेतच राहायचा. तिथं माओनं या पाचांची भेट घेतली.

येनानजवळच्या लष्करी इस्पितळात काम सुरू झालं. औषधांचा तुटवडा, अवजारं हातानं बनवलेली, जेवायला बाजरीसारखं भरड धान्य. सोलापूरच्या माणसाला भरड धान्याचं काही वाटलं नसेल, पण तिथली थंडी मात्र हाडं गोठवणारी होती.

चोळकर आणि मुखर्जी काही महिन्यांत तब्येतीमुळं परतले. ऑगस्ट १९३९ मध्ये नेहरू चुंगकिंगला आले होते. त्यांना येनानलाही जायचं होतं. पण तेवढ्यात युरोपात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि त्यांना दौरा अर्धवट टाकून परतावं लागलं. नेहरू आणि माओ यांची भेट मग थेट १९५४ मध्ये झाली. तेव्हाच झाली असती तर काय, हा प्रश्न मनात येतोच.

नोव्हेंबर १९३९ मध्ये उरलेले तिघं, अटल, बसू आणि कोटणीस, आघाडीवर निघाले. तिथं एका माणसाला भेटायची त्यांची इच्छा होती. कॅनडाचा सर्जन नॉर्मन बेथून. स्पेनच्या यादवीत रणांगणावर रक्त पोहोचवण्याची व्यवस्था उभी करणारा, मग चीनमध्ये येऊन खेचरांच्या पाठीवर शस्त्रक्रियेचं सामान लादून हिंडणारा अवलिया. पण हे वाटेत असतानाच १२ नोव्हेंबरला बेथून गेला. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखमेत जंतुसंसर्ग झाला आणि तो रक्तात पसरला. पेनिसिलिन अजून बाजारात आलं नव्हतं.

१९४० मध्ये अटलही तब्येत बिघडल्यानं परतले. उरले दोघं. ते जपानी चौक्यांच्या मधून, रात्रीचं चालत, रेल्वेमार्ग ओलांडत शत्रूच्या पिछाडीला असलेल्या प्रदेशात शिरले. या भागाला चिनी लोक जिन-चा-जी म्हणत. तीन प्रांतांच्या सीमेवरचा डोंगराळ मुलूख आणि प्रमुख होते नीए रोंगझेन. शहरं आणि रेल्वे जपानकडं, खेडी आणि डोंगर कम्युनिस्टांकडं. आपल्याकडच्या वाचकाला समजायला सोपं, मैदानात मोगल आणि सह्याद्रीत मावळे, साधारण तसा मामला.

जून १९४० मध्ये दोघं बेथूनच्या समाधीच्या कार्यक्रमाला हजर होते. त्या गर्दीत गुओ चिंगलान नावाची एक नर्सही होती. ती बीजिंगच्या नामांकित इस्पितळात शिकलेली, युद्धासाठी शहर सोडून डोंगरात आलेली. तिचा विषय पुढं येईलच.

शंभर रेजिमेंटची लढाई

२० ऑगस्ट १९४० ला आठव्या रूट आर्मीनं उत्तर चीनमध्ये एकाच वेळी हल्ला चढवला. हा हल्ला शंभर रेजिमेंटची मोहीम म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात रेजिमेंट शंभराहून जास्त होत्या. नेतृत्व पंग त-हुआयचं. रेल्वेचे रूळ उखडले, पूल उडवले, कोळशाच्या खाणी बंद पाडल्या. जपान्यांना धक्का बसला. गनिमी काव्यानं टोचण्या देणारं हे सैन्य एवढ्या मोठ्या प्रमाणावर एकत्र येऊन मारू शकतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

या मोहिमेचं राजकारण मोठं मजेशीर आहे. कम्युनिस्ट जपानशी लढतच नाहीत, असा आरोप चियांगचे लोक करत होते, त्याला हे उत्तर मिळालं. पण कम्युनिस्टांची खरी ताकदही उघडी पडली. पुढं सत्तेत आल्यावर माओच्या राजवटीत पंग त-हुआयवर जे आरोप झाले, त्यात ही मोहीमही मोजली गेली. जिंकलेली लढाईसुद्धा अंगाशी येते ती अशी.

कोटणीसांसाठी मात्र राजकारण नंतर, जखमी आधी. लढाईच्या जवळच शस्त्रक्रियेचं टेबल मांडलेलं. स्ट्रेचरमागून स्ट्रेचर. त्या मोहिमेत त्यांनी ८०० हून जास्त जखमींवर उपचार केले आणि एकदा तर ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. केईएममधून बाहेर पडून जेमतेम दोन वर्षं झालेला हा डॉक्टर तिथं पक्का युद्ध-सर्जन झाला.

बसू नंतर येनानला परतले. कोटणीस आता त्या डोंगरात एकटेच भारतीय उरले.

जानेवारी १९४१ मध्ये त्यांना बेथूनच्या नावानं सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचं संचालक केलं. आता इस्पितळ म्हटल्यावर डोळ्यांसमोर इमारत येते. इथं इमारत नव्हती. हबेई प्रांतातल्या तांग तालुक्यातली खेडी, शेतकऱ्यांची घरं, त्या घरांत विखरून ठेवलेले रुग्ण. जपानी तुकडी येतेय असं कळलं, की रुग्णांसकट सगळं उचलून डोंगरात पळायचं. शंभर रेजिमेंटच्या मोहिमेनंतर जपान्यांनी सूड म्हणून गावंच्या गावं जाळायचं धोरण घेतलं होतं. सगळं मारा, सगळं जाळा, सगळं लुटा. कोटणीसांचं इस्पितळ नेमकं त्या पट्ट्यात होतं.

आणि त्याच जानेवारीत यादवीनं पुन्हा डोकं वर काढलं. यांगत्सेच्या खोऱ्यात कम्युनिस्टांची दुसरी फौज होती, नवी चौथी आर्मी. तिच्या मुख्यालयाला सरकारी फौजांनी घेरून हजारोंना ठार केलं किंवा पकडलं. युती कागदावर राहिली. कम्युनिस्टांच्या प्रदेशाची नाकेबंदी आणखी आवळली गेली. म्हणजे औषधं येणं मुश्कील. कोटणीसांच्या रुग्णांना जपानी गोळी लागायची, पण त्यांच्यापर्यंत औषध पोहोचू नये याची काळजी त्यांच्याच देशाचं सरकार घेत होतं.

काळी आई

कोटणीस चिनी भाषा शिकले. नुसती कामापुरती नाही, तर वर्गात उभं राहून शस्त्रक्रियेवर व्याख्यान देण्याइतकी. इस्पितळाला जोडून बेथूनच्याच नावाची वैद्यकीय शाळा होती, तिथं ते शिकवायचे. शिकलेले डॉक्टर येणार नाहीत हे पक्कं होतं, मग शेतकऱ्यांच्या पोरांनाच डॉक्टर करायचं. त्यासाठी पुस्तक नव्हतं, म्हणून तेही त्यांनीच लिहायला घेतलं. सामान्य शस्त्रक्रियेचा एक भाग पूर्ण झाला, दुसऱ्याचं काम चालू होतं.

तिथल्या आठवणींत एक गोष्ट येते. सावळ्या रंगामुळं जखमी सैनिक त्यांना लाडानं काळी आई म्हणायचे. मराठीत काळी आई म्हणजे शेतजमीन, हे त्या सैनिकांना कुठून माहीत असणार. पण सोलापूरच्या काळ्या जमिनीतून आलेल्या माणसाला हे नाव ऐकून काय वाटलं असेल, याचा अंदाज मराठी माणसाला करता येतो.

गुओ चिंगलान याच शाळेत शिकवत होती. तिला इंग्रजी येत होतं. बोलणं वाढलं आणि १९४१ च्या अखेरीस दोघांनी लग्न केलं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. त्याचं नाव सुचवलं नीए रोंगझेन यांनी. यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

त्याच महिन्यात इकडं भारतात चले जाव सुरू झालं होतं. ज्या काँग्रेसनं कोटणीसांना पाठवलं, तिचे सगळे मोठे नेते तुरुंगात होते. आणि ज्या सुभाषबाबूंच्या आवाहनावरून हे पथक जपानविरुद्ध लढणाऱ्यांना मदत करायला गेलं, ते आता देशाबाहेर होते आणि वर्षभरात जपानच्याच मदतीनं आझाद हिंद सेनेचं नेतृत्व करणार होते. ब्रिटिशांना हाकलायचं हे बोसांचं गणित आणि जपानी बॉम्बखाली मरणारी चिनी खेडी हे कोटणीसांचं वास्तव. दोघंही देशभक्त, चार वर्षांत दोघं दोन टोकांना. इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडं हळूच गाळली जाते. ७ जुलै १९४२ ला कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. भारतात त्यांची ओळख काँग्रेसचा दूत, मानवतेचा सेवक अशी करून दिली जाते आणि ती खोटी नाही. पण ते तटस्थ रेड क्रॉसवाले राहिले नव्हते. चार वर्षं त्या सैन्यासोबत राहून त्यांनी यादवीतली एक बाजू निवडली होती, अगदी उघडपणे. उलट चीनमध्ये त्यांच्या पक्ष सदस्यत्वाचा मोठा गौरव होतो आणि त्यांना पाठवणारी काँग्रेसची चळवळ एका वाक्यात आटोपते. दोन्ही देशांनी आपापल्या सोयीचे कोटणीस ठेवून घेतले.

९ डिसेंबर १९४२

१९४१ पासून त्यांना फिट्स येऊ लागल्या होत्या. फीतकृमीचा, म्हणजे टेपवर्मचा संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचला असावा, असं मानलं जातं. अर्धकच्चं अन्न, अस्वच्छ पाणी, त्या जगण्यात हे कुणालाही झालं असतं. डॉक्टरला स्वतःचा आजार कळत नव्हता असं नाही. उपचारासाठी हा भाग सोडून जा, असं त्यांना सांगितलं गेलं. ते गेले नाहीत.

८ डिसेंबरच्या रात्री ते पुस्तकाचं काम करत बसले होते. फिट आली, मग एकापाठोपाठ एक येत राहिल्या. ९ तारखेच्या पहाटे ते गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

येनानमध्ये शोकसभा झाली. माओनं स्वतः श्रद्धांजली लिहिली, चू तेहनं लिहिली, सुंग चिंग-लिंगनं गुओ चिंगलानला पत्र पाठवलं. घरी सोलापूरला बातमी पोहोचायला मात्र बराच वेळ लागला. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. पाचांपैकी चार परत आले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचं नाव म्हणूनच 'अँड वन डिड नॉट कम बॅक'. त्यावरून व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. कोटणीस झाले स्वतः शांताराम आणि त्यांची पत्नी झाल्या जयश्री. देशाला कोटणीस माहीत झाले ते या सिनेमामुळं.

जाता जाता, बसूंचंही एक. ते पुढं पुन्हा चीनला गेले, अॅक्युपंक्चर शिकले आणि भारतात त्याचा पाया घातला. कलकत्त्यात गुडघ्यात सुया टोचून घेणाऱ्या किती जणांना ही कथा माहीत असेल कोण जाणे.

नंतर काय झालं?

१९४५ मध्ये जपाननं शरणागती पत्करली आणि १९४६ मध्ये स्थगिती उठली. चियांग विरुद्ध माओ, या वेळी पूर्ण ताकदीनं. चियांगकडं जास्त सैन्य होतं, अमेरिकन शस्त्रं होती. पण शत्रूच्या पिछाडीला राहून कम्युनिस्टांनी खेड्याखेड्यांत जे जाळं विणलं होतं, ते चियांगकडं नव्हतं. कोटणीसांचं इस्पितळ आणि त्यांनी शिकवलेली शेतकऱ्यांची पोरं याच जाळ्याचा भाग होती. १ ऑक्टोबर १९४९ ला माओनं बीजिंगमध्ये नव्या राज्याची घोषणा केली, चियांग तैवानला गेला. तो वाद आजही मिटलेला नाही.

१९५३ मध्ये कोटणीसांची समाधी शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्मा स्मारकात हलवली. त्याच आवारात बेथूनची समाधी आहे. ज्या माणसाला भेटायचं राहून गेलं, त्याच्या शेजारी.

यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत होता. वडिलांसारखा डॉक्टर व्हायच्या आधीच, १९६७ मध्ये तो गेला. पंचविशीही पूर्ण झाली नव्हती. गुओ चिंगलाननं पुन्हा लग्न केलं, पण कोटणीस कुटुंबाशी नातं तोडलं नाही. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्यांना भेटल्या. २०१२ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी दालियान शहरात त्यांचं निधन झालं. २०१५ मध्ये मनोरमाबाईही गेल्या.

मधल्या काळात १९६२ झालं, भाई-भाईची घोषणा कडू झाली. तरी कोटणीसांचं नाव दोन्हीकडं टिकलं. दोन्ही देशांनी त्यांची टपाल तिकिटं काढली. २०२० च्या जूनमध्ये गलवानमध्ये रक्त सांडलं. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस बातमी आली, की शिजियाझुआंगमधल्या एका वैद्यकीय शाळेबाहेर कोटणीसांचा कांस्य पुतळा बसतोय. त्या शाळेचं नाव दिहुआ. तिथून शिकून बाहेर पडणारी पोरं त्यांच्यासारखं काम करू, अशी शपथ घेतात.

इकडं सोलापुरात, भैय्या चौक परिसरात, कोटणीसांचं स्मारक आहे. चीनची शिष्टमंडळं आली की तिथं जातात, फुलं वाहतात, फोटो काढतात. एरवी रिक्षावाले तिथून स्टेशनाकडं वळतात.